वडिलांच्या डब्यातली ‘चुकीची’ नाणी: टांकसाळीची चूक कशी ओळखायची आणि तिला भाव किती

प्रश्न थोडक्यात असा आहे. लालबागच्या एका ताईंचे वडील बेस्टमध्ये कंडक्टर होते. ते गेल्यावर माळ्यावरच्या पत्र्याच्या डब्यात दीडेकशे नाणी निघाली. काही आजीकडून आलेली चांदीची, बाकीची वडिलांनी नोकरीच्या काळात बाजूला काढून ठेवलेली. त्यातल्या बऱ्याच नाण्यांत काहीतरी बिघडलेलं दिसतं: एका पाच रुपयाचा लचका तोडल्यासारखा आहे, एका दोन रुपयावर दोन्हीकडे सिंह आहेत, पन्नास पैशाची एक बाजू कोरी आहे. भावाने मोबाइलवर एक व्हिडिओ पाहिला, त्यात असल्या नाण्याला लाखो रुपये मिळतात असं सांगितलंय. ताई विचारतात, ही खरंच टांकसाळीची चूक आहे का, असेल तर किंमत वाढते का, आणि विकायची झाली तर कुठे?

नमस्कार ताई. मी पस्तीस वर्षं फोर्टात नाणी पारखायचं काम करतोय. तुम्ही पाठवलेले फोटो सावकाश पाहिले. आधी एक विनंती करतो. डब्यातलं एकही नाणं घासू नका, धुऊ नका. चिंच नको, रांगोळी नको, चांदी उजळायची पावडर नको, टूथपेस्टही नको. परळच्या एका कुटुंबाने माझ्याकडे यायच्या आदल्या रात्री चांदीचे चाळीस रुपये चिंचेने लख्ख करून आणले होते. साठ-सत्तर वर्षांत चांदीवर चढलेली ती काळसर निळी झाक गेली आणि पृष्ठभागावर भिंगाखाली हजारो बारीक ओरखडे उमटले. संग्राहकाने आनंदाने घेतली असती ती नाणी शेवटी मोडीच्या भावाने गेली. मला आजही त्याची हळहळ वाटते.

आता मुद्द्यावर येऊ. नाण्यात वेडंवाकडं दिसणारं सगळंच टांकसाळीतलं नसतं. नाणं टांकसाळीच्या बाहेर पडल्यावर रुळाखाली जातं, सोनाराच्या ऐरणीवर जातं, कुणी त्याला कडी डकवतं, कुणी कानस लावतं. त्या नुकसानीला किंमत नाही, उलट त्याने किंमत उतरते. किंमत फक्त त्या चुकीला, जी नाण्याची कोरी चकती कापताना किंवा तिच्यावर ठसा, म्हणजे चित्र उमटवणारा साचा, बसताना घडली. हा फरक ओळखायला एकच गोष्ट पाहायची: धातू कुठून सरकला आणि कुठे गेला. ठसा बसताना चकतीवर प्रचंड दाब येतो, धातू क्षणभर वाहतो आणि ठशाच्या प्रत्येक खाचेत शिरतो. हा वाहण्याचा माग नाण्यावर कायम राहतो. घरात हातोडीने किंवा कानशीने केलेल्या कामाला तो माग नसतो.

सगळ्यात सोपं उदाहरण तुमच्या एक रुपयावरची ती रेघ. भिंगातून तिरप्या उजेडात पाहा. रेघ पृष्ठभागाच्या वर उठलेली असेल, तर ठशाला तडा गेला होता आणि धातू त्या तड्यात शिरला. म्हणजे चूक टांकसाळीतली. रेघ खोल गेली असेल तर तो ओरखडा. फोटोत सावली ज्या बाजूला पडली आहे त्यावरून तुमची रेघ उठलेली वाटते. पण केसाएवढ्या तड्याला बाजारात फारसं कुणी विचारत नाही. तडा वाढून ठशाचा तुकडाच उडाला आणि नाण्याच्या काठाला धातूचा जाड, कोरा ढेकूळ आला, तर मात्र लोक विचारतात.

आता तो लचका तोडलेला पाच रुपया. हे 1992 पासून निघालेलं जाड, तांबे-निकेलचं नाणं, 23 मिलिमीटरचं आणि नऊ ग्रॅमचं. अशी चूक कशी होते ते सांगतो, म्हणजे खरंखोटं तुम्हीच ओळखाल. धातूची लांब पट्टी यंत्रात सरकत जाते आणि वरून पंच येऊन गोल चकत्या कापतो. पट्टी पुरेशी पुढे सरकली नाही, तर पंच आधी कापलेल्या भोकाच्या काठावर येतो आणि नव्या चकतीतून चंद्रकोरीसारखा तुकडा कमी होतो. मग त्या चकतीची कड दाबून उचलायचं यंत्र येतं. तिथे लचक्याच्या जागी दाबच बसत नाही, म्हणून त्याच्या बरोबर समोरच्या बाजूलाही दाब कमी पडतो. परिणाम असा की खऱ्या लचक्याच्या नेमक्या समोर नाण्याची कड बसकी, पुसट असते. कानस लावणाऱ्याला हे बहुधा ठाऊक नसतं. तो एका बाजूने गोल घासतो आणि समोरची कड तशीच ठसठशीत राहते.

दुसरी खूण लचक्याजवळच्या अक्षरांत असते. खऱ्या नाण्यात तिथली अक्षरं लचक्याकडे ओढल्यासारखी पसरट होतात, कारण ठसा बसताना धातूला जायला मोकळी जागा मिळाली. कानशीने घासलेल्यात अक्षर सुरीने कापावं तसं तुटतं आणि कापलेल्या भिंतीवर समांतर चरे दिसतात. तुमच्या फोटोत लचक्यासमोरची कड खरोखर बसलेली दिसते. सोनाराच्या काट्यावर वजन करून घ्या, ते नऊ ग्रॅमपेक्षा थोडं कमी भरेल. मला ते नाणं खरं वाटतं. एवढ्या लहान लचक्याला आजच्या बाजारात काही शेकडे मिळतात. लचका नाण्याच्या चौथाई भागाएवढा असता किंवा एकाच नाण्याला दोन लचके असते, तर गोष्ट वेगळी होती.

तुमच्या डब्यातलं सगळ्यात सुंदर नाणं आहे तो दोन्ही बाजूंना सिंह असलेला अकरा कोनी दोन रुपया. एका बाजूला सिंह नेहमीसारखे उठावाचे. दुसऱ्या बाजूला, जिथे नकाशा, झेंडा आणि ‘राष्ट्रीय एकात्मता’ हवं होतं, तिथे तेच सिंह खोलगट आणि उलटे, आरशात पाहावं तसे. याला आमच्या बाजारात ‘लखी’ म्हणतात. आधीचं नाणं छापून झाल्यावर खाली पडायचं ते पडलंच नाही, एका ठशाला चिकटून राहिलं. पुढची चकती आली तेव्हा एका बाजूला खरा ठसा होता आणि दुसऱ्या बाजूला ठशाऐवजी ते चिकटलेलं नाणं. त्याच्या उठावाच्या सिंहांनी नव्या चकतीत खोल सिंह उमटवले. चिकटलेल्या नाण्याखालून निघालेली पहिली लखी सर्वांत स्पष्ट असते. नंतर ते नाणं दाबाने पसरत जातं आणि पुढच्या लख्यांवरची आकृती मोठी, पुसट होत जाते.

लखीची नक्कलही होते. दोन नाणी एकमेकांवर ठेवून बाकड्याच्या शिकंज्यात जोरात आवळली की मऊ नाण्यावर खोल आकृती उमटते. तरुणपणी मी अशी एक ‘लखी’ फुटपाथवर शंभर रुपयांना घेतली होती. त्या नाण्याने मला शिकवलं की नेहमी दोन्ही बाजू पाहायच्या. शिकंज्यात आवळलेल्या नाण्यावर खोल आकृतीच्या खाली मूळ छाप अर्धवट शिल्लक राहतो, आणि पलीकडच्या बाजूचा उठाव चेपलेला, सपाट असतो. खऱ्या लखीत खोल आकृतीच्या बाजूला मूळ छापाचा मागमूस नसतो आणि दुसरी बाजू नव्या नाण्यासारखी टवटवीत असते. तुमच्या नाण्यावर नकाशाची एक रेषाही नाही, आणि पलीकडचं ‘सत्यमेव जयते’ अगदी धारदार आहे. म्हणून मी म्हणतो, ही लखी खरी आहे. हिला हजारांत किंमत येईल. लाखांत येणार नाही, पण हे नाणं चांगल्या संग्राहकाच्या हातात जायला हवं.

पन्नास पैशाची कोरी बाजू मात्र फोटोवरून ठरवता येत नाही. दोन चकत्या एकावर एक यंत्रात गेल्या तर दोघींवर एकेकच बाजू छापली जाते, आणि अशा नाण्याचं वजन पूर्ण भरतं. स्टीलच्या पन्नास पैशाचं वजन 3.79 ग्रॅम. तुमचं तेवढं भरलं तर आशा आहे. अर्ध्या ग्रॅमने कमी भरलं तर कुणीतरी ती बाजू घासून काढली आहे.

दहा रुपयाच्या नाण्यात मधली पांढरी चकती एका बाजूला सरकलेली आहे. इथेही धातूकडेच पाहा. छपाईच्या आधीच चकती वाकडी बसली असेल तर आकृती कड्यावरून चकतीवर सलग गेलेली असते आणि पांढरा धातू पिवळ्यावर चढलेला दिसतो. नंतर ठोकून सरकवली असेल तर आकृती मधोमध तुटते. तुमची सलग आहे. मधली चकती नसलेलं नुसतं कडं कुणी विकायला आणलं तर त्याच्या भोकाची आतली भिंत पाहावी. टांकसाळीत चकतीशिवाय छापलं गेलं असेल तर धातू आत वाहून भोक थोडं लहान आणि ओबडधोबड होतं. मधली चकती घरी काढलेली असेल तर भोक अगदी स्वच्छ गोल राहतं.

फिरलेला ठसा हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा येतो. नाणं वरून आणि खालून दोन बोटांत धरा आणि उभ्या अक्षावर गोल फिरवा. जॉर्जच्या काळातल्या आणि आजच्या भारतीय नाण्यांत छापा आणि काटा दोन्ही सरळ दिसायला हवेत. मागची बाजू थोडी कलली असेल, म्हणजे घड्याळात बाराऐवजी एक वाजल्याएवढी, तर अशी नाणी चलनात भरपूर सापडतात आणि त्यांना जादा पैसे कुणी देत नाही. काटकोनात फिरलेली किंवा पूर्ण उलटी असेल तर वेगळी काढा. तुमच्या तिन्ही नाण्यांत फिरकी थोडीच आहे. अक्षरं दुहेरी दिसणाऱ्या दोन नाण्यांबद्दलही असंच. छपाईच्या क्षणी ठसा थरथरला की अक्षराच्या बाजूला एक सपाट पायरी पडते. ती फार सामान्य गोष्ट आहे. पुसट आकडा हा बहुतेक वेळा ठशाच्या खाचेत ग्रीस बसल्याचा परिणाम असतो, त्यालाही किंमत नाही.

तुम्ही चूक म्हणून बाजूला काढलेल्या काही नाण्यांत चूक नाहीच, आणि इथे नुकसान व्हायची भीती जास्त आहे. 1862 च्या राणीछाप रुपयाच्या मागे वर्षाखाली बारीक ठिपके आहेत, ते धातूचे डाग नाहीत. 1862 हे साल पुढे 1874 पर्यंत तसंच छापलं जात होतं आणि मुंबईच्या टांकसाळीने प्रत्यक्ष वर्ष कळावं म्हणून ठिपके वाढवले. त्यांची संख्या आणि जागा मोजून जाणकार किंमत सांगतात. एखादी मांडणी दुर्मीळ निघाली तर तो एक रुपया तुमच्या सगळ्या लचक्यांपेक्षा जास्त मोलाचा ठरेल, म्हणून त्याचा मागच्या बाजूचा मोठा फोटो मला हवा आहे.

नव्या नाण्यांवर वर्षाखाली दिसणारी शंकरपाळ्यासारखी चौकट ही मुंबईची खूण, तारा हैदराबादचा, गोल ठिपका नोएडाचा. कोलकात्याच्या नाण्यावर खूण नसते. 1985 च्या एक रुपयावर वर्षाखाली छोटा एच आहे, कारण तो बर्मिंगहॅमच्या हीटन टांकसाळीत पाडून आणला होता. म्हणजे तीही चूक नाही.

शिवराई, म्हणजे शिवाजी महाराजांच्या नावाची तांब्याची नाणी, अकरा आहेत, आणि त्यांपैकी एकीवरही पूर्ण ‘श्री राजा शिव’ मावलेलं नाही. ताई, शिवराई हातोडीने पाडली जायची. ठसा चकतीपेक्षा मोठा, चकती हाताने कापलेली, म्हणून लेख नेहमी कुठेतरी कापला जायचाच. तिथे मधोमध बसलेला पूर्ण लेख दुर्मीळ आणि कललेला छाप नेहमीचा. छाप सरकलेली शिवराई चूक म्हणून जादा दराने विकली जाते तेव्हा घेणारा फसतो.

राम-सीता आणि हनुमान असलेलं, मागे ईस्ट इंडिया कंपनी आणि 1818 लिहिलेलं नाणं मुंबईतल्या दर दुसऱ्या डब्यात सापडतं. ते चलनी नाणं नाही. कंपनीने राम-सीतेची अशी नाणी चलनासाठी पाडली नाहीत. ही देवघरात पुजायची टोकनं आहेत. तुमच्या आजीने ती श्रद्धेने ठेवली असतील, तर देवघरातच राहू द्या. 1943 च्या भोकाच्या पैशाचं भोक जरासं सरकलेलं आहे. घाईने पाडलेल्या त्या नाण्यांत हे वरचेवर दिसतं.

आणि तुम्ही लिहिलंत की 1911 च्या रुपयावर राजाच्या अंगावरच्या साखळीतला हत्ती ‘नीट जमलेला नाही’. ताई, तुमची नजर चांगली आहे. पंचम जॉर्जच्या पहिल्या वर्षीच्या नाण्यावर त्या हत्तीची सोंड आखूड झाली आणि लोकांना तो डुक्कर वाटला. त्यावरून एवढा असंतोष माजला की बरीचशी नाणी परत घेऊन वितळवली आणि 1912 मध्ये हत्ती नव्याने कोरला. यंत्र चुकलं नव्हतं, कोरणारा चुकला. म्हणून 1911 चा प्रत्येक रुपया असाच आहे, आणि सगळ्यांना हवा आहे. तो मऊ कागदात वेगळा ठेवा. तुमच्या डब्यात 1939 चा रुपया नाही हे एका अर्थी बरंच. त्या दुर्मीळ वर्षाच्या नावाखाली 1938 मधल्या आठाचा नऊ केलेली नाणी इतकी फिरतात की मी तो दिसला की आधी शेवटचा आकडाच भिंगाखाली घेतो.

भावाचं गणित आता सांगतो. चूक साध्या डोळ्याने हातभर अंतरावरून दिसली पाहिजे, नाण्यावर वर्ष वाचता आलं पाहिजे, आणि नाणं कमी वापरलेलं असलं पाहिजे. छाप अर्धा सरकून अर्धी चकती कोरी राहिली आणि तरीही वर्ष दिसतंय, तर घेणारे रांगेत उभे राहतात. तेवढीच चूक, पण वर्ष गेलेलं, तर भाव बराच खाली येतो. लोकांनी चांगल्या संख्येने जपलेल्या चुका स्वस्त असतात, मग ती चूक कितीही विचित्र दिसो.

चांदीच्या रुपयांचा हिशोब वेगळा करा. 1939 पर्यंतच्या रुपयाचं वजन 11.66 ग्रॅम आणि त्यात बारातले अकरा भाग चांदी, म्हणजे शुद्ध चांदी सुमारे 10.7 ग्रॅम. 1940 पासून रुपयाच्या धातूत चांदी निम्मीच ठेवली. एवढ्या चांदीचा भाव हा तुमचा तळ. त्यापेक्षा कमी किमतीत सोनाराला किंवा दारावर येणाऱ्या माणसाला एकही रुपया देऊ नका. आजीच्या ज्या दोन रुपयांना कडी झाळलेली आहे, त्यांना मात्र चांदीचाच भाव येईल. झाळ काढायला जाऊ नका, डाग आणखी पसरेल.

तो व्हिडिओ. 2012 च्या वैष्णोदेवीच्या नाण्याला लाखो मिळतात असं सांगणारे अनेक आहेत. त्यांची पद्धत ठरलेली असते: आधी तुमच्या नाण्याला अवाच्या सवा किंमत सांगायची, मग नोंदणीचे, कराचे, कमिशनचे पैसे मागायचे, कधीकधी रिझर्व्ह बँकेचं नाव घेऊन. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2021 मध्ये जाहीर केलं आहे की ती असल्या व्यवहारांत नाही आणि त्यासाठी कोणतंही शुल्क घेत नाही. नाणं विकताना पैसे तुम्हाला मिळायचे असतात. जो आधी तुमच्याकडून मागतो, त्याचा फोन ठेवून द्या. भावालाही हे आजच सांगा.

विकायचं ठरलं तर लखी, लचका, दहा रुपया आणि 1911 व 1862 चे रुपये वेगळे काढा, आणि वजन पूर्ण भरलं तर पन्नास पैसाही त्यांत घाला. फोर्टातल्या किमान तीन व्यापाऱ्यांना दाखवा, प्रत्येकाचा भाव लिहून घ्या, आणि पहिल्या दिवशी कुणालाही देऊ नका. त्यांत फार अंतर पडलं तर लिलावाला देण्याचा विचार करा. तिथे विक्रेत्याकडून किती टक्के कापतात ते आधी लेखी विचारा. शंभर वर्षांवरचं कुठलंही नाणं परदेशी गिऱ्हाइकाला पाठवू नका. 1972 च्या पुरावस्तू कायद्याने त्याला बंदी आहे. वेळ मिळाला तर फिरोजशहा मेहता रोडवरचं रिझर्व्ह बँकेचं नाणेसंग्रहालय भावाला घेऊन बघून या. तिथे नीट पाडलेली नाणी जवळून पाहिली की बिघडलेली आपोआप ओळखू येतात.

शेवटचं, तुमच्या वडिलांबद्दल. दिवसभर हजारो नाणी बोटांखालून जाणाऱ्या माणसालाच हा डबा जमवता आला असता. लखी आणि लचका ज्या छोट्या पाकिटांत आहेत, त्यांवर त्यांनी पेन्सिलीने बसचा नंबर आणि तारीख लिहिलेली फोटोत दिसते. ती पाकिटं नाण्यांपासून वेगळी करू नका. नाणं कुठे, कोणत्या दिवशी मिळालं हे लिहून ठेवलेलं असलं की पारखणाऱ्याचा विश्वास वाढतो, आणि घेणारा ती पाकिटंही मागून घेतो. फक्त मऊ प्लास्टिकच्या पिशव्या आजच काढून टाका, त्यांनी नाण्यांवर हिरवट चिकट थर येतो. सोमवारी मला 1862 च्या रुपयाच्या मागच्या बाजूचा आणि पन्नास पैशाच्या कडेचा फोटो पाठवा, सोबत सोनाराच्या काट्यावरचं वजन लिहा.